लुंबिनीतली मुले आणि आपला मोबाईल

२०१८ साली इटलीच्या अलेस्सिओ मामो या छायाचित्रकाराचे फोटो वर्ल्ड प्रेस फोटोच्या इन्स्टाग्रामवर आले, तेव्हा आपण संतापलो. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातल्या गरिबांना, त्यात मुलांनाही, त्याने खोट्या अन्नाच्या टेबलासमोर डोळे झाकून उभे केले होते. पुढे त्याने माफी मागितली.

पण नेपाळला, लुंबिनीच्या सहलीत आपण काय करतो? बिस्किटाचा पुडा मुलाच्या हातात, आपलीही बोटे अजून त्यावरच, समोर मोबाईल. रात्री ग्रुपवर ‘दानपारमिता’. बिस्किटे द्यायला आमची हरकत नाही, फोटोला आहे. त्या मुलाच्या आईला कोणी विचारले?

वस्तीत वह्या वाटायला आलेल्यांनी आम्हालाही लहानपणी असेच रांगेत उभे केले होते. तो फोटो आमच्यापैकी कोणीच घरात लावला नाही.