वायसर कोण बदलणार?
परदेशातल्या गरीब गावात तंत्रज्ञान घेऊन निघालेल्या तरुण इंजिनिअरांनी आधी प्लेपंपाची हकिकत वाचावी, असे मला कळकळीने वाटते. मुलांनी चक्रावर खेळावे आणि त्या फिरण्याने बोअरचे पाणी उंच टाकीत चढावे, अशी ही दक्षिण आफ्रिकेतली कल्पना. 2006 मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी 1.64 कोटी डॉलर जाहीर झाले, 2010 पर्यंत 4000 पंप बसवायचे ठरले. मोझांबिक, मलावीत कितीतरी ठिकाणी चालते हातपंप काढून चक्रे आली. पण मुले काही दिवसभर खेळत नाहीत, आणि घरात पाणी तर रोज लागते. मग ते लोखंडी चक्र बायकांनीच ढकलले, म्हाताऱ्यांनीसुद्धा. त्यांना आधी विचारले कुणी? हेतू चांगला होता म्हणून हे माफ करायला माझे मन धजत नाही. परदेशी मिशनची माणसे आपल्या जालना-सोलापुरातही आली होती. पण ती तिथे राहिली, सतत मोडणाऱ्या ओतीव लोखंडाच्या पंपांशी झुंजली, आणि त्यांनी घडवलेल्या पंपावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साथीने इंडिया मार्क टू हा हातपंप घडला. तो आफ्रिकेतही पोचला. त्यातही खोट होतीच: खालचा वायसर बदलायला सगळे पाइप उपसावे लागत. पुढच्या मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, वायसरसकट दट्ट्या वरूनच निघू लागला, दुरुस्ती गावाच्या हातात आली. सौर दिवे न्या, बायोगॅस न्या. मात्र सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का, हे पाहिल्याखेरीज एक नटही आवळू नका.