मेजर, ती जुनी फाईल काढा

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत सैन्यातून परतलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा कोणताही असो, ‘मेजर’ म्हणण्याची रीत आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अशाच एका मेजरांविषयी आज लिहितो. वय साठीच्या पुढे. गेली अठरा वर्षे ते आकडीच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. सोबत त्यांच्या पत्नी असतातच, कारण मेजरांना एकट्याने एस.टी.त बसू द्यायचे नाही, असा त्या घरचा नियम आहे. जेमतेम आठ वर्षांच्या नोकरीनंतर, १९९१ साली, आकडीमुळे मेडिकल बोर्डाने त्यांना घरी पाठवले. हाती काही एकरकमी पैसे आले, पेन्शन नाही. आणि पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचे कार्डही नाही. हा विषय निघाला की ते म्हणत, “दुखणं अंगचंच होतं डॉक्टर, सरकारचा काय दोष?”

गेल्या दिवाळीनंतर बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळी पडलेली फाईल घेऊन आल्या. नातवाने त्यातील एक इंग्रजी शब्द कोशात पाहिला होता आणि अर्थ निघाला होता ‘घटनात्मक’. आजोबांच्या आकडीचा भारताच्या राज्यघटनेशी काय संबंध, हे घरात कोणालाच उमगेना. तो शब्द होता ‘कॉन्स्टिट्यूशनल’. वैद्यकात त्याचा अर्थ प्रकृतिगत, म्हणजे माणसाच्या मूळ घडणीतच असलेला. बोर्डाच्या छापील नमुन्यात दोन प्रश्न असतात: हा आजार सैन्यसेवेमुळे झाला का, आणि सेवेमुळे तो वाढला का? दोहोंपुढे ‘नाही’ असे लिहिले होते. त्याखाली हा एकच शब्द. कारण कोठेही नव्हते.

डॉक्टर म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. विशी-पंचविशीत प्रथमच आकडी आली, तर आम्ही डोक्याला मार लागला होता का, मेंदूचा संसर्ग झाला होता का, मेंदूत जंताची गाठ आहे का, हे शोधतो. अनेकदा काहीही सापडत नाही. परंतु कारण न सापडणे आणि आजार जन्मजात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ज्याच्या मेंदूत आकडीची प्रवृत्ती आहे, त्याला रात्रीमागून रात्री जागरण घडले, तर झटका येण्याचा संभव वाढतो. आणि पहाऱ्यावरच्या जवानाला झोपेची निवड नसते. १९९१ साली स्कॅनची सोय आजच्यासारखी सर्वत्र नव्हती, हेही मान्य करतो. म्हणूनच तो एक शब्द इतक्या खात्रीने लिहिला जावा, याचे मला नवल वाटले.

हा प्रश्न केवळ आमच्या मेजरांचा नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात दिलेला निकाल जवळजवळ याच दुखण्याचा आहे. ते १९८५ मध्ये सैन्यात भरती झाले आणि १९९४ मध्ये अपस्मारामुळे, २० टक्के अपंगत्व लिहून, त्यांना घरी पाठवण्यात आले. तेथेही बोर्डाचे मत हेच, प्रकृतिगत. न्यायालयाने १९८२ च्या नियमांवर बोट ठेवले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे धरायचे. त्यानंतर आजारापायी त्याला काढले, तर तो बिघाड सेवेमुळे झाला असे मानायचे. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला मिळावा. बोर्डाला वेगळे म्हणायचे असेल, तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. धरमवीर सिंग यांच्या कागदांत ती नव्हती, म्हणून त्यांना पेन्शन मिळाली.

तथापि, यावरून प्रत्येक अपील जिंकता येते, असे कृपया समजू नका. २०१९ मध्ये याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियामुळे निवृत्त केलेल्या एका जवानाची मागणी फेटाळली. असा मानसिक आजार भरतीच्या वेळच्या तपासणीत ओळखता येतोच असे नाही, आणि तेथे बोर्डाचे मत ग्राह्य धरले गेले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले, तर जाणवते की दुखणे किती मोठे यापेक्षा बोर्डाने काय आणि का लिहिले, यावर पुष्कळसे अवलंबून असते. रजेवर असताना खासगी कामात झालेल्या अपघाताला सेवेशी जोडणे तर फारच अवघड. माझ्याकडे आलेल्या दोघांना मी तसे स्पष्ट सांगितले आहे. एक अद्याप माझ्यावर रागावलेले आहेत.

म्हणून आधी फाईल काढा. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत घरात नसेल, तर माहितीच्या अधिकारात ती मागता येते. अपंगत्व २० टक्के वा अधिक आहे का ते पाहा, आणि भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद शोधा. निवृत्तीची तारीखही महत्त्वाची, कारण २००८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नियम बदलले. शेजारच्या फौजीला लागू झाले ते आपल्याला होईलच असे नाही. प्रथम खात्याकडे अपील करावे लागते. तेथून नकार आला किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. कागद लावून घ्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. मी वकील नाही. अर्जाची भाषा जाणकाराकडून पाहून घ्यावी.

उशीर झाला म्हणून दार बंद होतेच असे नाही, कारण पेन्शन न मिळणे हे दर महिन्याला नव्याने घडणारे नुकसान मानले जाते. मात्र २००८ च्या एका निकालापासून थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आमच्या मेजरांची त्याआधीची सारी वर्षे गेली, ती गेलीच. हे सांगताना मी बाईंकडे पाहिले नाही.

माझ्याकडे त्यांनी एक प्रमाणपत्र मागितले, ‘आजार मिलिटरीमुळेच झाला’ असे. ते मी दिले नाही. १९९१ मध्ये मी त्यांना पाहिलेलेच नव्हते. माझ्या तशा वाक्याला काडीची किंमत नसती आणि प्रकरण उलट डागाळले असते. आपल्या डॉक्टरांकडून असा दाखला आग्रहाने मागू नका. जे मी पाहिले ते लिहून दिले: कोणत्या वर्षापासून कोणती गोळी, किती डोस, वर्षाला किती झटके, दोनदा पडून झालेल्या जखमा, एकटे सोडता येत नाही ही स्थिती. माझ्याकडचे पहिल्या चार वर्षांचे केसपेपर वाळवीने खाल्ले आहेत. तेही प्रमाणपत्रात तसेच नमूद केले.

अपील फेब्रुवारीत रजिस्टर्ड पोस्टाने गेले. परवा मेजर गोळ्यांसाठी आले, तेव्हा पोचपावती त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, चौघडी घातलेली. बाईंनी ती काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. झटका आला तर खिशातले सारे रस्त्यावर सांडते, असे त्या म्हणाल्या.