एम.ए. झाली, तरी उपचाराचा परवाना नाही

मी संगणक अभियंता. पदवी मिळाली आणि कामाला लागलो. माझ्या मामेबहिणीने मानसशास्त्रात एम.ए. केले, तरी कायद्याने ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले, देखरेखीखालचे प्रशिक्षण लागते.

परवाना हवाच, रुग्णावर प्रयोग नकोत. माझा वाद वाटेशी आहे. मुख्य वाट होती दोन वर्षांच्या एम.फिल.ची. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केली, या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. मुदतवाढ म्हणजे धोरण नव्हे!

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचार हा हक्क मानतो. मग हक्क बजावणारी माणसे कुठून येणार? दुःख मातृभाषेत बोलले जाते. मोहल्ल्यातली आई इंग्रजीत रडत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे: एम.ए.लाच मान्यताप्राप्त क्लिनिकल प्रशिक्षण जोडा, ते जिल्हा रुग्णालयांत द्या, विद्यावेतन द्या, मराठी-उर्दूत शिकवा. आणि आपल्या जकात-शिष्यवृत्त्यांच्या यादीत डॉक्टर-इंजिनिअरच्या शेजारी या मुलींचेही नाव लिहा.