पुनर्वापर हवा, उष्टे नको!

चळवळीतल्या तरुणांसमोर रस्त्याच्या डांबराचा विषय काढला की बऱ्याच जणांना तो नगरसेवकाचा विषय वाटतो. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार, संविधान हे आपले विषय आणि खडी-डांबर ठेकेदाराचे. ठेकेदाराला याहून सोयीची समजूत दुसरी नाही.

रस्ता हा जातीचा प्रश्न होता आणि आहे. 1924 चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी झाला. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या ठरावाचा पाया काय होता? पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधल्या असतील, तर त्या अस्पृश्यांनाही खुल्या असल्या पाहिजेत. हाच धागा पुढे 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यापर्यंत गेला. सार्वजनिक पैसा म्हणजे आपलाही पैसा. मग तो रस्त्यावर कसा ओतला जातो, हे आपण विचारायचे नाही तर कुणी?

आता साधा हिशेब बघू. एक किलोमीटर लांब आणि सहा मीटर रुंद रस्त्यावर 40 मिलिमीटरचा थर द्यायचा, तर साधारण 560 टन माल लागतो. त्यात डांबर पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे 28 टन. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. खडी डोंगर फोडून येते. डांबर कच्च्या तेलातून निघते आणि आपला देश 80 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. म्हणजे महाग असते ते डांबर आणि संपत चाललेला असतो तो डोंगर.

रस्ता खराब होतो तेव्हा ही खडी मरत नाही. डांबर ऊन-पावसाने कडक होते, ठिसूळ होते, पण तेही संपत नाही. मिलिंग मशीनने वरचा थर खरवडून काढायचा, तो चाळायचा, त्यात किती आणि कसे डांबर उरले आहे ते प्रयोगशाळेत तपासायचे आणि ठरलेल्या प्रमाणात नव्या मालात मिसळायचे. 30 टक्के जुना माल वापरला, तर वरच्या हिशेबात जवळपास 168 टन नवा माल वाचतो. इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी 2015 मध्येच स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे, आयआरसी 120. अमेरिकेत नव्या डांबरी मिश्रणात सरासरी पाचवा हिस्सा जुन्या रस्त्याचा असतो. तरीही आपल्या कितीतरी नगरपालिका "निधी नाही" म्हणत खड्ड्यात मुरूम टाकतात आणि निवडणूक जवळ आली की जुन्या रस्त्यावर नवे कार्पेट अंथरतात.

हे न खरवडता अंथरलेले कार्पेट आपल्या वस्त्यांना सर्वात महाग पडते. दरवेळी 40-50 मिलिमीटरचा थर चढला, तर पाच वेळांत रस्ता आठ ते दहा इंच वर येतो. घराचा उंबरा आहे तिथेच राहतो. मग पावसाचे पाणी गटारात जायचे ते घरात शिरते. ज्याच्याकडे पैसा आहे तो जोते उंचावून घर नव्याने बांधतो. सफाई कामगाराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या घरात मात्र पावसाळाभर विटांवर पलंग ठेवावा लागतो. रस्ता चकचकीत झाला म्हणून नगरसेवकाचा फलक लागतो, त्याच फलकाखालच्या घरात पाणी असते. आधी खरवडणे बंधनकारक केले तर रस्त्याची उंची तीच राहते आणि जुना मालही हाती येतो.

कुणी म्हणेल, सगळे रस्ते सिमेंटचे करा, कटकटच नको. सिमेंटचा रस्ता जास्त टिकतो, हे खरे. पण मुंबईत 2023 मध्ये हाती घेतलेल्या सुमारे 400 किलोमीटरच्या काँक्रिटीकरणाचा खर्च 6000 कोटींच्या घरात होता, म्हणजे किलोमीटरला साधारण 15 कोटी. त्यात गटारे आणि इतर कामे धरली तरी तालुक्याच्या नगरपरिषदेला हे झेपणारे नाही. आणि ज्या गल्लीत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या दर दोन वर्षांनी उकरल्या जातात, तिथे काँक्रीट फोडून पुन्हा जोडण्याचा खर्च कोण देणार? एका चौकाचे काँक्रीट करून दहा गल्ल्या खड्ड्यात ठेवणे याला विकास म्हणत नाहीत.

पण इथेच सावध व्हायला हवे. पुनर्वापराच्या नावाखाली आज काय चालते, ते अनेक शहरांत डोळ्यांनी दिसते. मुख्य रस्त्यावरून खरवडलेला माल ट्रकने येतो आणि न चाळता, न तपासता, डांबर न मिसळता आपल्या वस्तीच्या गल्लीत भराव म्हणून पसरला जातो. त्यावर रोलर फिरला की "रस्ता झाला". पहिल्या पावसात खडी सुटते, पोरांचे गुडघे फुटतात. मनुस्मृतीने उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे शूद्रांच्या वाट्याला लिहिली. 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला ती जाळली गेली. मग तिचेच तत्त्व रोलरखालून परत येत असेल, तर आपण गप्प बसायचे? जुना माल शास्त्रशुद्ध मिसळून सगळ्या शहरात सारखा वापरला तर तो पुनर्वापर. सिव्हिल लाइन्सला नवे आणि भीमनगरला खरवड, तर ते उष्टे.

म्हणून मागणी अर्धवट नको. प्रत्येक डांबरी कामाच्या इस्टिमेटमध्ये आधी खरवडण्याची बाब असावी. निघालेला माल जनतेच्या पैशाचा आहे, त्याचे वजन नोंदवून त्याची किंमत बिलातून वजा व्हावी. जुन्या मालाचे प्रमाण शहरभर एकच असावे, चाचणी अहवाल वॉर्ड कार्यालयात लावावा. दोषदायित्वाच्या मुदतीत खड्डा पडला तर ठेकेदाराच्या खर्चाने बुजवावा. 150 अंशांच्या आसपासचे डांबर पसरवणाऱ्या मजुराच्या पायात गमबूट आणि हातात मोजे नसतील, तर ते काम थांबवावे. दलित वस्तीसाठी आलेला निधी कोणत्या रस्त्यावर खर्च झाला, हे नकाशासह जाहीर व्हावे.

यासाठी मोर्चाच काढावा लागेल असे नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरे. तुमच्या प्रभागातल्या शेवटच्या रस्त्याचे इस्टिमेट, मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवाल मागा. आणि एक प्रश्न जरूर लिहा: खरवडलेला माल किती टन निघाला आणि तो कुठे गेला? आपल्यात सिव्हिल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली, आयटीआय झालेली कितीतरी मुले-मुली आहेत. त्यांनी उत्तर वाचावे, टेप घेऊन थराची जाडी मोजावी आणि वस्तीच्या बैठकीत मांडावी. जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग ठरवायला आपण रात्र रात्र बसतो. तो मार्ग कशाचा बनला आहे, हे तपासायला एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे?

जय भीम!