घरात वाइन चाखताना घरच्यांचं काय?




नाताळच्या सुट्टीत पुण्याहून, बेंगळूरूहून भालकी, हुमनाबाद, बसवकल्याणला आलेली आमची पोरं रात्री लॅपटॉपसमोर ग्लास घेऊन बसतात आणि त्याला 'ऑनलाइन वाइन टेस्टिंग' म्हणतात. यावरून आमच्या मंडळीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, दारू ती दारू, पडद्यासमोर पिली म्हणून काय झालं? दुसरा म्हणतो, काना गावच्या लग्नात प्रभूनं स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला, मग अडवणारे तुम्ही कोण? मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

आधी हे असतं काय, ते सांगते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वाइनरींची दारं पाहुण्यांना बंद झाली, तेव्हा परदेशात वाइनच्या छोट्या बाटल्या लोकांच्या घरी पाठवून झूमवर चव घ्यायला शिकवायची पद्धत वाढली. आपल्याकडं दारू हा राज्याचा विषय, प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा न् कर वेगळा. त्यामुळं असे नमुने घरपोच पाठवणं अवघड. मी पाहिलं त्यात शिकवणाऱ्यानं वाइनचं नाव कळवलं होतं आणि पोरांनी दुकानातून अख्खी बाटली आणली होती. मग पन्नासेक मिलिलिटर ग्लासात ओतायची, उजेडात रंग बघायचा, ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. जाणकार तर गिळतही नाहीत, थुंकतात. शेजारच्या आजीबाईंनी हे बघून विचारलं, "थुकायचंच हाय तर पैशे घालून आणलास कशाला रं?" 

तर हा प्रकार म्हणजे गुत्ता नव्हे, हे आधी मान्य करू. तो अभ्यासाचा विषय आहे. सोनल हॉलंड या 2016 मध्ये भारतातल्या पहिल्या 'मास्टर ऑफ वाइन' झाल्या, आणि ती परीक्षा जगातल्या अवघड परीक्षांत गणली जाते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीचे वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत. आपल्या गावात मात्र पाटीवर 'वाइन्स' लिहिलेलं असतं आणि आत सगळी व्हिस्की न् रम, म्हणून वाइन म्हटलं की आपल्याला तेच दुकान आठवतं.

पण आठवतं त्यालाही कारण आहे. शिंदी आणि सारायीनं आमच्या भागातली किती घरं बसवली, हे त्या पिढीतल्या बायकांना विचारा. कर्नाटकात सारायी बंद झाली ती 1 जुलै 2007 ला, म्हणजे काल-परवाच. त्याच्या कितीतरी आधी आमच्या आज्या-पणज्यांनी मेथॉडिस्ट मंडळीच्या आधारानं दारू उंबऱ्याबाहेर ठेवली होती. ख्रिस्ती घर म्हणजे जिथं संध्याकाळी मारहाण होत नाही ते घर, अशी त्यांची साधी ओळख होती.

आपल्या प्रभुभोजनात वाइन का नसते, हेही पोरांना ठाऊक नाही. न्यू जर्सीत व्हाइनलंड गावी थॉमस वेल्च नावाचे मेथॉडिस्ट दंतवैद्य होते. त्यांनी 1869 मध्ये पाश्चरची युक्ती वापरून, म्हणजे द्राक्षाचा रस तापवून, तो न आंबता टिकवला, तो प्रभूच्या मेजेसाठीच. मराठी बायबलात 'द्राक्षारस' या एकाच शब्दात रस आणि वाइन दोन्ही मावतात, त्यामुळं हा फरक आपल्याला जाणवत नाही. कॅथलिक बांधवांच्या मिस्सेत वाइन असते आणि तीही तितकीच पवित्र. म्हणजे वाइन हेच पाप, असं म्हणायला आपल्याला जागा नाही. रस ठेवण्याचं मला पटणारं कारण वेगळं आहे. मेजेपाशी लहान लेकरू येतं, कष्टानं दारू सोडलेला माणूसही येतो. त्याला प्याला नाकारावा लागू नये.

आता घरचं बोलते. माझे धाकटे दीर अकरा वर्षं झाली पीत नाहीत. कसे सुटले ते आम्हालाच माहीत. गेल्या नाताळात पुतण्याचं टेस्टिंग तासाभरात झालं. पोरगं एक थेंबही जास्त प्यालं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बाटली असते 750 मिलिलिटरची. घोटभर चाखून उरलेली फ्रिजच्या दारात गेली. दोन दिवस दीर जेवताना दही मागत होते, पण आणायला उठत नव्हते. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "वहिनी, ती बाटली तेवढी काढा की तिथनं."

वाइनरीत पाहुणे चाखतात आणि घरी जातात, बाटली तिथंच राहते. घरी चाखलं की ती घरातच मुक्कामाला. शिवाय उघडलेली वाइन चार-पाच दिवसांत बिघडते, म्हणून 'वाया कशाला घालवायची' हा विचार येतोच.

आणखी एक गोष्ट मनात आली. 12 एप्रिल 2020 च्या ईस्टरला देवळं बंद होती. आम्ही घरात मोबाइलसमोर उपासना केली, तेव्हा सासूबाईंपासून तान्ह्यापर्यंत सगळे एका चटईवर होते. टेस्टिंगला पोरगा कानात हेडफोन घालून एकटा बसतो. त्याच्याबरोबर पडद्यावर वीस जण असतील, पण भिंतीपलीकडं झोपलेल्या काकाला कुणी धरलेलंच नाही. पौलानं रोमकरांस पत्रात मांस आणि द्राक्षारसाबद्दल जे लिहिलं, ते या काकाबद्दलच आहे असं मला वाटतं. तुला मोकळीक आहे, पण तिच्यापायी भाऊ अडखळणार असेल तर नको.

वडीलधाऱ्यांना विनंती, की पोरांची नावं घेऊन उपदेशातून झोडपू नका. ती घाबरून सोडणार नाहीत, लपवतील, आणि लपवण्याची सवय जास्त वाईट. पोरांनो, तुम्ही पुण्यात आपल्या खोलीवर चार-पाच मित्र मिळून एक बाटली उघडा, चाखा, शिका. 375 मिलिलिटरची अर्धी बाटलीही मिळते. घरी करायचंच असेल तर आधी विचारा, आणि वडिलांच्याही आधी विचारा ज्यानं सोडलीय त्याला. तो 'चालतंय' म्हणाला, तरी उरलेली बाटली त्या रात्री घरात ठेवू नका.

– एक भगिनी, भालकी, जि. बीदर