फळ्यावर नसलेली पेज

परवाचीच गोष्ट. कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघे मित्र कणकवली स्टँडजवळच्या एका खानावळीत शिरलो. फळ्यावर खडूने लिहिले होते : सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोंबडी-वडे, सोलकढी. आमच्यातल्या मुंबईहून आलेल्या मित्राने गल्ल्यावर सहज विचारले, "काका, पेज मिळते का?" त्याने मनापासून विचारले होते, पण सगळे हसले. मीही हसलो. त्याच सकाळी मी घरून पेज जेवून निघालो होतो!

मित्रहो, त्या हसण्याविषयी मला लिहायचे आहे.

पेज म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. उकडे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचे, पाणी न काढता मीठ घालायचे. सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, खोबऱ्याची चटणी, नाहीतर फणसाची भाजी. मलेशियातही सकाळी खाण्याचा असाच एक भात आहे. त्याला 'नासी लमक' म्हणतात. तांदूळ नारळाच्या रसात शिजवतात. सोबत मिरचीचे झणझणीत वाटण, तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, अंडे आणि काकडी. नारळ आपल्यासारखाच, सुकी मासळीही आपल्यासारखीच. पण तेथे केळीच्या पानात बांधलेला तो भात टपरीवरही मिळतो आणि मोठ्या हॉटेलातही. तो मागताना कोणी मान खाली घालीत नाही.

आपल्याकडे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पुढे महामार्गही रुंद झाला. पाहुणे आले, 'मालवणी जेवण' म्हणून आपल्या चवीचा बोलबाला झाला. पण फळ्यावर चढली ती पाहुण्यांची सुरमई. आपली रोजची पेज चुलीपाशीच राहिली.

हे मी आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पेज सुटाची म्हणान तर तुका कॉलेजात धाडलंय!"

आईचे खरे आहे. तांदूळ थोडे आणि माणसे जास्त, म्हणून पाणी वाढवायचे, हे तिने केले आहे. गरिबीचे कौतुक मला करायचे नाही. पण पेज सुटणे वेगळे आणि पेजेची लाज वाटणे वेगळे. आईने मला धाडले ते पहिल्यासाठी. दुसरे मी येथे येऊन शिकलो, आणि ते तर कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हते.

खानावळवाल्यांनी फळ्यावर पेज लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळच्या गाडीने उपाशी येणाऱ्या मुलांना ती परवडेलही. पण मागणाराच नसेल, तर त्यांनी ती का लिहावी? तेव्हा पुढच्या वेळी तो प्रश्न मीच विचारीन. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे.