शनीचा फेरा आणि पाच वर्षांचे सरकार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याचे सरकारने ठरवले आहे. अमेरिकेच्या सहकार्याने होणाऱ्या या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यांत, शिक्षकांच्या खोलीत, जमातीच्या बैठकीत, अगदी लग्नाच्या दावतीतसुद्धा एकच सवाल कानावर येतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, उर्दू शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूपबंद कपाट आहे, आणि आभाळातल्या लहरींसाठी २६०० कोटी? आपल्याला काय त्याचे?

हा सवाल विचारणारे आमचेच भाईबंद आहेत आणि त्यांचे दुःख खरे आहे. पण दुःख खरे असले म्हणून हिशोब खरा ठरत नाही. म्हणून आधी हिशोबच मांडू. २६०० कोटी रुपये देशाच्या सुमारे १४० कोटी लोकांत वाटले तर माणशी अठरा-एकोणीस रुपये येतात, तेही एकदाच. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा खर्च सुमारे ५५ हजार कोटी. त्या भावाने ही वेधशाळा म्हणजे तेहतीस किलोमीटर रस्ता. त्या महामार्गाच्या वेळी "आधी उर्दू शाळेची प्रयोगशाळा, मग रस्ता" असे म्हणायला आमच्यातले किती जण पुढे आले? विज्ञानाची गोष्ट निघाली की मगच आम्हाला गरिबी आठवते, हे काय गौडबंगाल आहे?

आणखी एक सरळ सवाल. २०१६ पूर्वी लायगो-इंडियाला मान्यता नव्हती. तेव्हा आमच्या शाळांच्या प्रयोगशाळा काय भरून वाहत होत्या? आमच्या मुलांच्या तोंडचा घास वेधशाळेने पळवलेला नाही. तो पळवणारे जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत दुसरेच आहेत. त्यांना जाब विचारायचा सोडून दुर्बिणीकडे बोट दाखवले, तर सर्वांत जास्त खूश तेच होतील.

कोणी म्हणतात, हे काम करायचेच तर श्रीमंतांनी करावे, सरकारने कशाला? या कामाची जात ओळखली म्हणजे उत्तर मिळते. वेधशाळेच्या दोन भुजा काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांतल्या निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण धावतो, आणि अवकाशातून लहर गेली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान असा फरक पडतो. तो फरक पकडायचा. राइनर वाइस यांनी याचा तपशीलवार आराखडा १९७२ साली मांडला. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे केली. हाती काहीही लागले नाही. मग यंत्रे सुधारली आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याची ती लहर. आराखड्यापासून त्रेचाळीस वर्षे! इतकी वर्षे थांबणारा सेठ कोणत्या बाजारात बसतो, ते आम्हाला दाखवावे. तो वर्षाअखेरीस वही उघडतो आणि नफा मागतो. त्यात त्याचा दोषही नाही. पण म्हणूनच हे काम सरकारचे ठरते.

तेही एका सरकारचे नव्हे. लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे सांगायला पृथ्वीवर दूर दूर अंतरावर कान लावावे लागतात. दोन वेधशाळा फक्त एक लांब पट्टा दाखवतात. तिसरी, चौथी जोडली की जागा नेमकी होत जाते. हिंगोलीची गरज त्यासाठी आहे. ही परक्यांची हमालीही नाही. लहरीचा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणितावर पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकातच पायाभूत काम केले आहे.

आता इतिहासाकडे वळू, कारण आमच्या जलशांत इतिहासाचा अभिमान फार मिरवला जातो. १२५८ साली हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले. त्याच हुलागूच्या पैशाने १२५९ साली मराग्याला नसीरुद्दीन तूसी यांनी वेधशाळा सुरू केली. दमास्कसचे उर्दी तिथे उपकरणे बनवीत होते. दूर पश्चिमेकडून आलेले मग़रिबी तिथे वेध घेत होते. बार हिब्रियस हे ख्रिस्ती धर्मगुरू तिथे युक्लिड आणि टॉलेमी शिकवीत होते. आजच्या भाषेत हा आंतरराष्ट्रीय प्रकल्पच! शनीला सूर्याभोवती एक फेरा पुरा करायला सुमारे तीस वर्षे लागतात, म्हणून ग्रहांचे वेध पुरे व्हायला तीस वर्षे हवीत, असे जाणकारांचे म्हणणे होते. बादशहाला ते बारा वर्षांत हवे होते.

सारा झगडा या तीस आणि बारामध्ये आहे. शनी आपल्या चालीने चालतो, आणि सत्ताधाऱ्याला घाई असते. आज बाराचे पाच झाले आहेत, एवढाच फरक.

सत्ताधाऱ्याने मधेच हात काढला तर काय होते, याचाही दाखला आमच्याच घरात आहे. इस्तंबूलला तकीउद्दीन यांनी १५७७ साली सुलतान मुराद तिसरा याच्या पैशाने वेधशाळा उभी केली. दरबारातल्या राजकारणात आणि धर्मपंडितांच्या विरोधात ती सापडली, आणि १५८० साली त्याच सुलतानाच्या हुकमाने जमीनदोस्त झाली. त्याच काळात डेन्मार्कच्या राजाने ट्यूको ब्राहे यांना बेट दिले, पैसा दिला आणि वीस वर्षे काम करू दिले. त्या नोंदींतून केप्लरने ग्रहगतीचे नियम काढले. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात ते नियम आहेत. आमची मुले केप्लरचे नाव पाठ करतात. तकीउद्दीनचे नाव त्यांच्या उस्तादांनाही क्वचितच ठाऊक असते. याला परक्यांचे कारस्थान म्हणण्याची सोय नाही. एका घरातला दिवा मालकाने स्वतःच्या हाताने विझवला, एवढीच ती कहाणी आहे.

हा रोग पूर्वेचाच आहे असेही नाही. अमेरिकेने टेक्सासमध्ये महाकाय कणत्वरक बांधायला घेतला, सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्चून वीसहून अधिक किलोमीटर बोगदा खणला, आणि १९९३ साली त्यांच्या संसदेने प्रकल्पच रद्द केला. पैसा गेला, विज्ञानही गेले. अर्धे बांधून सोडलेले काम सर्वांत महाग पडते. २०२५ साली तर लायगोच्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपैकी एक बंद करण्याचा प्रस्ताव तिथल्या अध्यक्षांच्या अंदाजपत्रकातच होता. उलट जिनिव्हाची 'सर्न' १९५४ साली बारा देशांनी करार करून उभारली आणि ती टिकली. वर्ल्ड वाइड वेब तिथेच जन्मले आणि १९९३ साली सर्वांना फुकट खुले झाले. ज्या मोबाइलवरून "विज्ञानाचा आपल्याला काय उपयोग" असे संदेश पाठवले जातात, तो मोबाइलही त्याच ऋणात आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सरकारने अशा कामांना पैसा द्यावा आणि देताना वक्फाच्या नियतीने द्यावा. वक्फ म्हटले की हल्ली कोर्टकचेऱ्याच आठवतात, पण मूळ कल्पना पाहा. एकदा दिले ते दिले. देणाऱ्याला परत घेता येत नाही, वारसाला विकता येत नाही, आणि फायदा न पाहिलेल्या पिढ्यांना पोचतो. मराग्याच्या वेधशाळेला वक्फाच्या उत्पन्नाचाच आधार होता. हिशोब मात्र चोख हवा. फ्रान्समधला 'इटर' प्रकल्प, ज्यात भारतही आहे, वर्षानुवर्षे लांबला आणि महागला. तिथे जाब विचारलाच पाहिजे. मुतवल्लीचा हिशोब तपासावा, पण त्यासाठी वक्फ मोडू नये.

आमच्यातल्या एका वर्गाला याचीही गरज वाटत नाही. सारे शोध कुरआनात आधीच आहेत, असे ते छातीठोकपणे सांगतात. शोध लागायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्यापैकी कोणीच काही सांगत नाही. कुरआनात आकाशाकडे पाहून विचार करण्याचे आवाहन वारंवार आले आहे. पाहण्याचे कष्ट दुसऱ्यांनी करावेत आणि आम्ही फक्त सुभानल्लाह म्हणावे, असे त्यात कुठे आहे?

मुस्लिम देशांना हे जमतच नाही असे मानणाऱ्यांनी जॉर्डनकडे पाहावे. तिथे युनेस्कोच्या पुढाकाराने 'सेसमी' हे संशोधन केंद्र २०१७ साली सुरू झाले. जर्मनीने आपले जुने यंत्र देऊन त्याची सुरुवात करून दिली. त्या वेळी सदस्य होते सायप्रस, इजिप्त, इराण, इस्रायल, जॉर्डन, पाकिस्तान, पॅलेस्टाइन आणि तुर्कस्तान. जे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, त्यांनी एका यंत्रासाठी एका टेबलावर बसून वर्गणी भरली. त्या भूमीवरचे रक्त यंत्राने थांबवले नाही, हे खरे. पण बोलण्याची एक जागा तरी राखली.

मग आपल्याला काय त्याचे? ते आपल्या मागण्यांवर ठरेल. आमच्या मुलांना दहावीपर्यंत 'कशिश-ए-सक्ल' शिकवायचे, शेजारच्या शाळेत त्यालाच 'गुरुत्वाकर्षण' म्हणायचे, आणि अकरावीला दोघांपुढे एकदम 'ग्रॅव्हिटी' टाकायची. त्या उडीत कितीतरी हुशार मुलामुलींचे विज्ञान सुटते, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. तेव्हा वेधशाळेला विरोध करण्याऐवजी आम्ही तिच्या दारावर हक्काने थाप मारली पाहिजे. प्रकल्पाच्या खर्चातला छोटासा वाटा परभणी-हिंगोली-नांदेडच्या सर्व माध्यमांच्या शाळांतील प्रयोगशाळांसाठी बांधून द्या. शास्त्रज्ञांची व्याख्याने मराठीत आणि उर्दूतही ठेवा. निर्वात नळ्यांना वेल्डर लागतील, यंत्रांना फिटर आणि इलेक्ट्रिशियन लागतील. तिथे स्थानिक आयटीआयच्या मुलांना आधी प्रशिक्षण द्या. हे निवेदन शाळा समित्यांनी, अंजुमनांनी, पंचायतींनी मिळून दिले पाहिजे. ते देण्याआधी "हे सगळे फुकट आहे" असा पुकारा आम्हीच केला, तर आमच्या मुलांसाठी जागा मागायला तोंड कुठे उरेल?

वेधशाळेचे काम सुरू राहील तेव्हा आज पाचवीत असलेली मुलगी पंचविशी-तिशीत असेल. ती आत संगणकासमोर बसलेली असेल, की फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून जाताना हे कोणाचे म्हणून विचारील, हे औंढ्याच्या माळावर ठरणार नाही. आजच्या आमच्या बैठकांत आम्ही काय बोलतो, यावर ते ठरेल.